वल्हांडणाच्या आठवड्यासाठी एकाच पॅनमधलं बेकिंग

पासओव्हर, म्हणजे ज्यूंचा वल्हांडणाचा सण, आला की घरात आंबलेल्या धान्यपिठाचं काही चालत नाही, म्हणून वर्षभराची भांडी कपाटात बंद होतात आणि या आठवड्यापुरती राखून ठेवलेली बाहेर येतात. बेकिंगच्या भांड्यांचा प्रश्न यात सगळ्यात अवघड. ज्या टिनमध्ये वर्षभर मैद्याचे केक भाजले, तो टिन उकळत्या पाण्यातून काढून सणासाठी चालवता येत नाही. कोरड्या आचेवर वापरलेलं भांडं कोरड्या, अतितीव्र आचेनंच कोशर, म्हणजे धर्मनियमांना चालणारं, होतं. तेवढ्या आचेत पातळ पत्रा वाकतो आणि नॉनस्टिकचा थर जळून जातो. म्हणून सणासाठी वेगळा पॅन घेणं हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि नीट निवडला तर एकच पॅन अख्ख्या आठवड्याला पुरतो.

त्या एका पॅनमध्ये होणारे चार पदार्थ पुढे दिले आहेत: बदाम-संत्र्याचा केक, ब्राउनी, बटाट्याचा कुगेल आणि सफरचंद-मात्झाचा कुगेल. कुगेल म्हणजे अंडी घालून भाजलेला, वडीसारखा कापायचा पदार्थ, आणि मात्झा म्हणजे या सणाची न फुगवलेली, पातळ कडक पोळी. कॅरमेल आणि चॉकलेट ओतलेला मात्झा फार लोकप्रिय असला, तरी तो यात नाही. त्याच्या कॅरमेलला गॅसवर वेगळं पातेलं लागतं.

पॅन कोणता

२३ × ३३ सेंटिमीटर, म्हणजे ९ × १३ इंचांचा, किमान ५ सेंटिमीटर खोल पॅन घ्या. त्याच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण ७६० चौरस सेंटिमीटर भरतं. तुमच्याकडे २० × २० चा चौकोनी पॅन असेल तर तो ४०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास निम्मा. त्यात खालची सगळी मापं निम्मी करा आणि भाजण्याच्या वेळातून चारपाच मिनिटं कमी धरून तपासायला लागा.

फिक्या रंगाचा जाड ॲल्युमिनियमचा पॅन सगळ्यात भरवशाचा. गडद रंगाचा धातू उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे केकच्या कडा आणि तळ आधी करपतात. असा पॅन असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवा. काच तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की उष्णता सोडत नाही. काचेच्या भांड्यातला केक ओव्हनबाहेर काढल्यावरही कडेनं शिजत राहतो, म्हणून तिथेही १५ अंश कमी करा. एकदा वापरून टाकून द्यायचे ॲल्युमिनियम फॉइलचे ट्रे या सणात खूप वापरले जातात. ते चालतात, पण फार लवचिक असतात. एकात एक असे दोन घाला आणि खाली सणासाठीचाच सपाट ट्रे ठेवा, नाहीतर भरलेला ट्रे उचलताना मधोमध दुमडतो.

नवा धातूचा किंवा काचेचा पॅन पहिल्या वापराआधी मिक्व्हेत, म्हणजे धार्मिक शुद्धीच्या कुंडात, बुडवायची रीत आहे. हे काम सणाच्या आदल्या दिवसावर ढकलू नका, त्या दिवशी तिथे गर्दी असते. वर्षभर वापरलेला काचेचा पॅन सणासाठी चालतो की नाही, याबाबत परंपरा वेगवेगळ्या आहेत. सेफर्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, रीतीत काच काही शोषत नाही असं मानतात, तर अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, घरांत वर्षभराची काच सणासाठी सहसा घेत नाहीत.

आणखी एक निर्णय पॅन घेतानाच करा: हा पॅन पारेव्ह राहील, म्हणजे त्यात मांस नाही आणि दूध-लोणीही नाही. सेडरच्या, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या रात्रीच्या विधिवत, जेवणात बहुधा मांस असतं आणि त्यानंतर दुधाचं गोड चालत नाही. पॅनमध्ये एकदा कोंबडी भाजली की त्यातला पुढचा केक दुधाच्या जेवणाबरोबर द्यायची सोय राहत नाही. खालचे चारही पदार्थ म्हणूनच लोण्याऐवजी तेलावर बेतलेले आहेत.

ओव्हनचंही काम आधी उरका. आतून पूर्ण साफ करून २४ तास न वापरता ठेवतात आणि मग सर्वांत जास्त आचेवर तापवतात. किती वेळ तापवायचा आणि जाळीचं काय करायचं, हे आपल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारून ठरवा.

डब्यात काय असावं

गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पीठ पाण्याला लागून १८ मिनिटांच्या आत भाजलं गेलं नाही, तर ते हामेत्झ, म्हणजे सणात वर्ज्य, ठरतं. मात्झा या मुदतीच्या आत भाजलेला असतो. एकदा भाजून झालेलं पीठ पुन्हा आंबत नाही, म्हणून मात्झा दळून केलेलं पीठ सणात वापरता येतं. स्वयंपाकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की भाजलेल्या पिठात ग्लुटेनची जाळीही पुन्हा तयार होत नाही. मैद्याच्या केकला उभं धरणारी गोष्टच इथे नसते. तिची जागा अंडी घेतात. सणाच्या पाककृतींत अंड्यांचा आकडा मोठा दिसतो तो यामुळे, आणि तो कमी करायला जाऊ नये.

मात्झाचं पीठ दोन जाडीचं मिळतं. जाडसर ते मात्झा मील आणि अगदी बारीक ते केक मील. केकला बारीकच लागतं. फक्त जाडसर मिळालं तर मिक्सरमधून काढून बारीक चाळणीनं चाळा. मिक्सरही सणाचाच हवा. नेहमीच्या पाककृतीतल्या एक कप मैद्याच्या जागी एक कप केक मील कधीही घालू नका. ते पाणी सावकाश ओढतं आणि भाजून झाल्यावरही ओढतच राहतं. म्हणून काल मऊ लागलेला केक आज भुसभुशीत होतो. एका कपाच्या जागी पाऊण कपाहून थोडं कमीच घ्या.

बटाट्याचा स्टार्च हा दुसरा आधार. तो पांढराशुभ्र असतो आणि बोटांत चोळला की करकरतो. बटाट्याचं पीठ म्हणून मिळणारी वस्तू वेगळी. ती शिजवून वाळवलेल्या बटाट्याची असते, पाणी प्रचंड शोषते आणि केकचा लगदा करते. पाकीट नीट वाचून घ्या.

काही घरांत, विशेषतः हसिदी या कर्मठ पंथाच्या घरांत, मात्झा ओला करून खात नाहीत. अशा ओल्या मात्झाला गेब्रोक्ट्स म्हणतात. पाहुण्यांपैकी कोणी ते टाळत असेल तर मात्झाच्या पिठाचा केक आणि मात्झाचा कुगेल दोन्ही बाद होतात. बदामाचा केक, स्टार्चवरची ब्राउनी आणि बटाट्याचा कुगेल मात्र चालतात. इस्राएलबाहेर सण आठ दिवसांचा असतो आणि शेवटच्या, आठव्या दिवशी ही माणसंही ओला मात्झा खातात. सफरचंदाचा कुगेल त्या दिवसासाठी ठेवता येईल.

अश्केनाझी परंपरेत तांदूळ, मका, डाळी-कडधान्यं, तीळ, मोहरी ही किटनियोतही वर्ज्य. सेफर्दी आणि मिझराही, म्हणजे मध्यपूर्वेतल्या ज्यूंच्या, घरांत त्यातलं बरंच चालतं. कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या रब्बींच्या समितीनं २०१५ मध्ये सर्वांनाच किटनियोत खायची मुभा दिली, पण पुष्कळ अश्केनाझी घरं जुनीच रीत पाळतात. बेकिंगमध्ये हा नियम नकळत मोडला जातो तो मक्यामुळे. पिठीसाखरेत बहुधा मक्याचा स्टार्च असतो, नेहमीच्या बेकिंग पावडरमध्येही असतो. पिठीसाखर लागलीच तर साधी साखर दळा आणि दर कपाला एक चमचा बटाट्याचा स्टार्च मिसळा. बेकिंग पावडर हा रासायनिक पदार्थ आहे, तो मुळात हामेत्झ नाही, आणि बटाट्याच्या स्टार्चवर केलेली सणाची पावडर मिळते. खालच्या एकाही पदार्थाला ती लागत नाही. व्हॅनिला इसेन्समधलं अल्कोहोल धान्याचं असू शकतं. एकतर सणाची मोहर असलेला घ्या किंवा सरळ संत्र्याची साल किसून घाला. स्वादाला ती व्हॅनिलापेक्षा सरस आहे. पॅनला लावायचा तेलाचा स्प्रेही टाळा, त्यात सोयाचं लेसिथिन असू शकतं. ब्रशनं तेल लावलं की काम होतं.

अंडी नेहमी एकेक करून वेगळ्या पेल्यात फोडा आणि रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहूनच मोठ्या भांड्यात ओता. खाली अंडं म्हणजे टरफलाशिवाय साधारण ५० ग्रॅमचं धरलं आहे. तुमची अंडी लहान असतील तर सहाच्या जागी सात घ्या.

बदाम-संत्र्याचा केक

चारही पदार्थांत हाच सर्वांत नाजूक. पण नीट जमला तर सणाचा केक कोरडा असतो ही समजूत एका घासात जाते.

६ अंडी, २०० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम सोललेल्या बदामांची पूड, ६० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च, १२० मिलिलिटर बेतास वासाचं तेल, २ संत्र्यांची किसलेली साल, ८० मिलिलिटर संत्र्याचा रस, अर्धा चहाचा चमचा मीठ.

बदामाची पूड घरी करणार असाल तर मिक्सर सलग चालवू नका. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मोजलेल्या स्टार्चमधले दोन चमचे बदामांबरोबरच घाला. सलग फिरवलं की बदामाला तेल सुटतं, पुडीचे गोळे होतात आणि ते फेसाला खाली बसवतात.

अंडी थंड असतील तर टरफलासकट १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट अंड्यांचा फेस भराभर आणि जास्त होतो. ओव्हन १७० अंश सेल्सियसला लावा. पॅनला तेलाचा हात फिरवून बटर पेपर असा घाला की लांब बाजूंनी तो चार बोटं बाहेर लोंबेल. केक उचलायला हीच दोन टोकं कामी येतात.

अंडी, साखर आणि मीठ मोठ्या भांड्यात घेऊन इलेक्ट्रिक बीटरनं मोठ्या वेगावर ८ ते १० मिनिटं फेटा. पांढरं आणि बलक वेगळं करायची गरज नाही, अख्ख्या अंड्यांचा फेस पुरतो आणि एक भांडं वाचतं. मात्र वेळ चुकवू नका. पाचव्या मिनिटाला फेस झाल्यासारखा दिसतो, पण त्यातले बुडबुडे मोठे असतात आणि ते ओव्हनमध्ये फुटतात. बीटर वर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर तीन-चार सेकंद ठळक दिसली पाहिजे. शेवटचं एक मिनिट मंद वेगावर फेटा, म्हणजे बुडबुडे एकसारखे बारीक होतात.

बदामाची पूड आणि स्टार्च एकत्र चाळून घ्या. तीन वेळा थोडं थोडं फेसावर भुरभुरवून रबरी उलथन्यानं तळातून वर असं हलक्या हातानं मिसळा. आता एका वाटीत तेल, रस आणि साल एकत्र करा, त्यात दोन डाव तयार मिश्रण घालून चांगलं फेटून घ्या आणि मग हे सगळं मोठ्या भांड्यात परत हलकेच मिसळा. तेल थेट ओतलं तर ते जड असल्यामुळे तळाला जातं, ते वर आणायला जास्त ढवळावं लागतं आणि तेवढ्यात फेस मरतो.

लगेच पॅनमध्ये ओता, मधल्या जाळीवर ठेवा. ३२ ते ३८ मिनिटं लागतील. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. अंड्यातलं प्रथिन घट्ट होईपर्यंत हा केक केवळ गरम हवेवर उभा असतो आणि थंड झुळूक लागली की बसतो. मधोमध बोटानं दाबल्यावर खळगा भरून आला, कडा पॅनपासून दोन-तीन मिलिमीटर सुटल्या आणि टूथपिकला ओलं मिश्रण न लागता फार तर दमट कण लागले की काढा. पॅनमध्येच २० मिनिटं राहू द्या. थोडा खाली बसतो, ते बरोबरच आहे. उंची अडीच ते तीन सेंटिमीटर राहते.

कापल्यावर तळाशी रबरासारखा पिवळसर थर दिसला तर स्टार्च किंवा तेल नीट मिसळलं गेलं नव्हतं. पुढच्या वेळी ओतण्याआधी उलथनं भांड्याच्या तळावरून एकदा फिरवून पाहा. मधोमध मोठा खड्डा पडला तर केक कच्चा निघाला किंवा दार लवकर उघडलं गेलं. आणि केक भाजताना अजिबात फुगलाच नाही, तर दोष जवळजवळ नेहमी फेटण्याच्या वेळेचा असतो.

यात स्टार्चच्या जागी केक मील घालू नये. केक मीलला पाणी ओढायला वेळ लागतो आणि फेसाला थांबवता येत नाही.

वरून पाक हवा असेल तर ६० मिलिलिटर संत्र्याच्या रसात दोन मोठे चमचे साखर विरघळवा. केक गरम असतानाच टूथपिकनं टोचून ब्रशनं लावा. गॅस पेटवायलाच नको.

ब्राउनी

४ अंडी, ४०० ग्रॅम साखर, २०० मिलिलिटर तेल, ८५ ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, ११० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च, अर्धा चमचा मीठ, दूध नसलेलं १५० ग्रॅम गडद चॉकलेट तुकडे करून, हवे तर १०० ग्रॅम अक्रोड.

यात पॅनचा एक चांगला उपयोग आहे. ओव्हन १७५ अंशांना लावून रिकाम्या पॅनमध्ये तेल ओता आणि चार-पाच मिनिटं आत ठेवा. तेल चांगलं कोमट झालं पाहिजे, धूर येता कामा नये. बाहेर काढून कोको पावडर त्यातच घाला आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. गरम तेलात कोकोचा वास खुलतो आणि रंग गडद होतो. हे मिश्रण मोठ्या भांड्यात ओतून घ्या. पॅनला आतून तेल लागलेलं असतंच, त्यावर बटर पेपर पसरा, छान चिकटतो.

तेल-कोको बोट बुडवता येईल इतकं निवलं की साखर, मग एकेक अंडं घालत हातानं फेटा. एकूण दोन मिनिटं पुरेत, इथे फेस नको आहे. वर दिसणारा पातळ चकचकीत पापुद्रा साखर अंड्यात विरघळल्यामुळे येतो, म्हणून साखर बारीक दाण्याची असावी. स्टार्च आणि मीठ चाळून घाला, कोरडं दिसेनासं झालं की थांबा. चॉकलेट आणि अक्रोड घालून पॅनमध्ये पसरा. २४ ते २८ मिनिटं.

कडेपासून ५ सेंटिमीटरवर टोचलेली टूथपिक कोरडी आणि मध्यावरची चिकट कणांनी माखलेली निघाली की ब्राउनी झाली. मध्यावरची टूथपिक कोरडी निघेपर्यंत थांबलात तर तिचा केक होतो, तोही कोरडा. निदान दोन तास गार करा. स्टार्च गार होतानाच घट्ट बसतो. गरम ब्राउनी कापली तर ती कच्ची वाटते आणि लोक ती उगाच पुन्हा ओव्हनमध्ये ढकलतात. चार उभे आणि सहा आडवे असे २४ तुकडे होतात.

गेब्रोक्ट्सचा प्रश्न नसेल तर स्टार्चऐवजी १०० ग्रॅम केक मील घालता येईल. ते जास्त चिवट, दाट लागतं. फक्त पॅनमध्ये ओतण्याआधी मिश्रण १५ मिनिटं झाकून ठेवा.

बटाट्याचा कुगेल

बाहेरून खमंग तपकिरी, आतून मऊ: कुगेलकडून एवढंच हवं असतं, आणि त्यासाठी तेल तापलेलं हवं व बटाट्याचं पाणी गेलेलं हवं. बाकी सगळं दुय्यम आहे.

२ किलो जुने, पिठूळ बटाटे, २ मोठे कांदे, ६ अंडी, १२० मिलिलिटर तेल, अडीच चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा मिरपूड.

आधी अंडी फेटून, मीठ-मिरपूड मोजून बाजूला ठेवा. ओव्हन २२० अंशांना लावा. किसायला सुरुवात केली की वेळ तुमच्या हातात राहत नाही. किसलेल्या बटाट्याला हवा लागली की त्यातल्या विकरांमुळे तो आधी गुलाबी, मग करडा पडतो. म्हणून आधी एक कांदा किसा, मग बटाटे, मध्येच दुसरा कांदा आणि उरलेले बटाटे. कांद्याचा रस बटाट्याला लागत राहिला की काळं पडणं बरंच लांबतं.

कीस स्वच्छ कापडात मुठीमुठीनं घेऊन एका भांड्यावर घट्ट पिळा. पिळलेलं पाणी फेकू नका. पाच मिनिटं स्थिर ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. वरचं तांबूस पाणी हळूच ओतून द्या आणि तो साका कीसात परत घाला. हाच बटाट्याचा स्वतःचा स्टार्च. तो असला की मात्झाच्या पिठाची गरज पडत नाही आणि कुगेल गेब्रोक्ट्स टाळणाऱ्यांनाही चालतो.

पिळायला बसताच पॅनमध्ये निम्मं, म्हणजे ६० मिलिलिटर, तेल घालून तो ओव्हनमध्ये ठेवा. ८ ते १० मिनिटांत तेल थरथरल्यासारखं दिसू लागतं. इथे काचेचा पॅन वापरू नका. तापलेल्या काचेत थंड मिश्रण पडलं तर ती तडकू शकते. फॉइलचा ट्रे असेल तर तो खालच्या सपाट ट्रेसकटच बाहेर काढा, कारण वाकलेल्या ट्रेमधून उकळतं तेल अंगावर येण्याचा धोका खरा आहे.

कीस, साका, अंडी, उरलेलं तेल, मिरपूड आणि मीठ एकत्र करा. मीठ अगदी शेवटी, कारण ते पडताच बटाटा पुन्हा पाणी सोडू लागतो. मिश्रण गरम तेलात ओता. चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर तेल तापलेलं नव्हतं आणि कुगेल तळाला चिकटणार. कडेनं वर आलेलं तेल चमच्यानं पृष्ठभागावर फिरवा. २२० वर २० मिनिटं, मग १९० वर ४५ ते ५५ मिनिटं. वरचा रंग गडद सोनेरीच्याही थोडा पुढे जाऊ द्या. फिकट कुगेल आतून ओलसर आणि कच्चट लागतो. काढल्यावर १५ मिनिटं थांबून कापा.

कापताना खालून करडं पाणी सुटलं, तर बटाटे पुरेसे पिळले नव्हते किंवा नवे, पाणीदार बटाटे वापरले होते.

सफरचंद-मात्झाचा कुगेल

हा सगळ्यात सोपा आणि चुका पोटात घेणारा. ६ मात्झा, ६ अंडी, ४ मध्यम आंबट-गोड सफरचंदं, १२० ग्रॅम साखर, ८० मिलिलिटर तेल, ८० ग्रॅम मनुका, दीड चहाचा चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा मीठ. एका सफरचंदाच्या पातळ चकत्या करून बाजूला ठेवा, बाकीची किसा.

मात्झाचे तुकडे कोमट पाण्यात दोन मिनिटंच भिजवून मुठीत हलकेच पिळा. जास्त भिजले तर पेज होते, पुरेसे न पिळले तर तळ ओला राहतो. सगळं कालवा, तेल लावलेल्या पॅनमध्ये पसरा, वर चकत्या मांडून थोडी साखर-दालचिनी भुरभुरवा. १८० अंशांवर आधी ३० मिनिटं फॉइलनं झाकून, नंतर १५ ते २० मिनिटं उघडा. न झाकल्यास वर निघालेली मात्झाची टोकं करपतात. साधी मात्झाच घ्या. अंडं किंवा फळांचा रस घालून केलेली मात्झा अश्केनाझी रीतीत आजारी, वृद्ध आणि लहान मुलांपुरतीच असते.

एकच पॅन चार पदार्थांना कसा पुरवायचा

गोड आधी, कांदा शेवटी. बटाट्याच्या कुगेलनंतर कांद्याचा वास पॅनच्या कोपऱ्यांत रेंगाळतो आणि बदामाच्या केकमध्ये तो लगेच कळतो.

ब्राउनी आठवडाभर आधी भाजता येते. पूर्ण गार झाली की बटर पेपरच्या टोकांना धरून अख्खी वडी उचला, दुहेरी गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. पॅन धुतला की मोकळा. फक्त तोपर्यंत ओव्हन, ओटा आणि फ्रीजरमधली एक जागा सणासाठी तयार झालेली हवी. बदामाचा केक सेडरच्या एक-दोन दिवस आधी करा. त्यातल्या बदामाच्या तेलामुळे तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. तोही फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतो. बटाट्याचा कुगेल मात्र गोठवू नका. बटाटा गोठून वितळला की पाणी सोडतो आणि पोत स्पंजासारखा होतो. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. परत गरम करताना झाकू नका, २०० अंशांवर उघडाच ठेवा, म्हणजे कड पुन्हा कुरकुरीत होते. सफरचंदाचा कुगेल फ्रीजमध्ये तीन-चार दिवस.

बीटरचं काम सेडरच्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी संपलं पाहिजे. यॉम तोव्हच्या, म्हणजे सणातल्या मुख्य पवित्र, दिवशी आधीपासून पेटत्या आचेवर शिजवता येतं, पण विजेचं उपकरण चालू-बंद करता येत नाही, म्हणून बदामाचा केक त्या दिवशी होणारच नाही. आठवड्यातल्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तर स्वयंपाकच बंद. त्याच्यासाठीचा कुगेल शुक्रवारी दुपारी भाजून गरम ठेवायच्या पत्र्यावर सूर्यास्ताआधीच ठेवावा लागतो.

ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला, म्हणजे सेडरच्या दिवशी, मात्झा खायचा नसतो, आणि मात्झाच्या पिठाचे भाजलेले पदार्थही त्यातच धरतात. त्या दिवशी केक मीलची ब्राउनी किंवा सफरचंदाचा कुगेल भाजलात तर चव पाहायची ती रात्री. स्टार्चवरची ब्राउनी आणि बदामाचा केक दुपारीच चाखून पाहायला हरकत नाही.